मला मोठ्यानं वाचणारी बाई

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, अवघड म्हणून बदनाम झालेली. माझं एकेक वाक्य पानभर लांब. पूर्णविराम गाठेपर्यंत वाचणाऱ्याला धाप लागते. छापखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा समीक्षकांनी मला डोक्यावर घेतलं आणि वाचकांनी फळीवर ठेवलं.

एका प्राध्यापकांनी मात्र मला जिवापाड जपलं. रोज संध्याकाळी ते मला घेऊन बसायचे, समासात पेन्सिलीनं काहीबाही लिहायचे. त्यांची बायको दवाखान्यात नर्स होती. ती दमून घरी यायची, त्यांच्यापुढे चहा ठेवायची आणि मुकाट्यानं आत जायची. मला तेव्हा स्वतःचा केवढा गर्व वाटायचा!

मग प्राध्यापकांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. बाईंनी नोकरी सोडली. एका दुपारी त्यांनी मला कपाटातून काढलं आणि खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर गाडी अडली.

“अहो, ही म्हातारी आत्ताच मेली होती ना? मग परत भांडतेय कशी?”

प्राध्यापकांचे अर्धे ओठ हसले. सांगायला मात्र जीभ वळेना.

बाई नेटानं वाचत राहिल्या. कधी ओळ सुटायची, कधी तेच पान दोनदा व्हायचं. एकदा त्यांनी मला धाडकन मिटलं.

“डोंबल कळतंय मला! इतकी वर्षं हिच्याशी बोलत बसलात. त्यातलं थोडं माझ्याशी बोलला असतात तर?”

प्राध्यापकांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. बाईंनी ते हातानं पुसलं आणि मला पुन्हा उघडलं.

पुढे इस्त्री करणाऱ्या बाईचं प्रकरण आलं. वाचता वाचता त्या थबकल्या.

“अहो, ही कुणाशी बोलतच नाहीये. मनातल्या मनात म्हणतेय सगळं. ऐकायला कुणी नाही म्हणून. हो ना?”

प्राध्यापकांनी त्यांचा हात घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही.

मी संपायच्या आत ते गेले.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, तेव्हा बाई एकट्याच वाचायला बसल्या. एका ओळीशी अडल्या आणि सवयीनं मान वळवून म्हणाल्या, “अहो, हे...”

खाट रिकामी होती. त्यांनी मला मिटलं. तेव्हापासून मी फळीवरच आहे.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. आम्हा पुस्तकांना वाट पाहणं जमतं. माणसांपाशी तेवढा वेळ नसतो. तुमच्या घरात कुणी पुस्तकात डोकं खुपसून बसलं असेल, तर आजच जवळ जाऊन बसा आणि म्हणा, “काय वाचताय? मलाही सांगा ना.”