अँथनी कोणता?

"तेरेसाबाय, गो तेरेसाबाय! फळ्यावर तुझ्या अँथनीचं नाव हाय!" रिटानं रस्त्यावरूनच हाळी दिली.

तेरेसा मोगरा खुडत होती. ती तशीच उठली आणि पापडी गावापलीकडच्या त्यांच्या आळीतल्या छोट्या देवळाकडे, चर्चकडे, निघाली. दारातल्या फळ्यावर, जिथं मिस्सेच्या म्हणजे प्रार्थनाविधीच्या वेळा लिहीत, फादर फर्डिनंडांचं वळणदार अक्षर होतं: उद्या सकाळची मिस्सा, अँथनीच्या आत्म्यास शांती मिळावी म्हणून.

तिचा नवरा अँथनी बोटीवर फिटर होता. अडुसष्ट साली बोट आफ्रिकेतल्या एका बंदरात अडकली. त्या देशात तेव्हा भाऊ भावाच्या उरावर बसला होता. एका बाजूच्या पुढाऱ्याला, सगळे त्याला जनरल म्हणत, बंदरातला प्रत्येक परका माणूस हेर वाटू लागला. त्याच्या हुकमानं सात खलाशी गोदामाच्या भिंतीला उभे केले गेले. तेरेसाला प्रेत मिळालं नाही, कंपनीचं दोन ओळींचं पत्र मिळालं.

तेव्हापासून सोळा वर्षं तिनं त्या जनरलबद्दल देवाकडे एकच मागणं मागितलं, आणि ते मागताना तिला कधी लाज वाटली नाही. तो माणूस सडून सडून मरावा. आणि गेल्या आठवड्यात रेडिओनं सांगितलं, जनरल परदेशात आपल्या पलंगावर, नातवंडांच्या गराड्यात वारला. देवानं तिला चांगलंच बनवलं होतं!

म्हणूनच तो फळा वाचून ती विरघळली. ओंजळभर मोगरा घेऊन ती फादरांकडे गेली. "फादर, तुमी तरी आठवण ठेवली."

फादरांचा चेहरा उतरला. तरुणपणी ते त्याच देशात मिशनवर होते, हे आळीत सर्वांना ठाऊक होतं.

"तेरेसा, बस जरा. ही मिस्सा त्याच्यासाठी आहे. जनरलसाठी. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव अँथनी होतं."

ती बसली नाही.

"आमच्या मिशनमध्ये चारशे पोरं होती," फादर म्हणाले. "लढाईत दोन महिने त्यानं आपल्या सैन्याच्या तोंडचं पीठ आम्हाला दिलं. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे. तुझ्यासाठी तो खुनी, कबूल. पण मी त्याला काय म्हणू?"

"नावानं म्हना की! अख्ख्या नावानं! फळ्यावर नुसता अँथनी कशाला लिवला? मी सांगते. पुरं नाव वाचून कुत्रंसुदीक आलं नसतं. माझ्या मानसाच्या नावाखाली तुमी त्याला देवळात घुसवत होता."

तिनं मोगरा परत पदरात घेतला. "उद्या पुरं नाव घ्या. न्हायतर वेदीपाशी उबी राहून मी घेते."

फादर तिला दटावू शकले असते. पण जन्मभर दुसऱ्यांची पापं ऐकलेल्या माणसाला स्वतःचं पाप ओळखता येत असावं.

सकाळी देऊळ गच्च भरलं. तेरेसाच्या नवऱ्याची मिस्सा म्हणून माणसं कामं टाकून आली होती. फादरांनी जनरलचं नाव आडनावासकट घेतलं, फळ्यावर ते आपण लपवलं हेही सांगितलं. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग अँथनीचा जुना दोस्त बॅप्टिस्ट उठला, त्यानं देवळात शिरताना उतरवलेली टोपी तिथंच डोक्यावर चढवली आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागून बाकं रिकामी होत गेली.

रिटानं तेरेसाचं कोपर ओढलं. "चल गो."

"तू जा. मला बगायचंय."

रिकाम्या बाकांसमोर फादरांनी मिस्सा केली. तेरेसानं डोळे भरून ते पाहिलं, आणि तिला गोड वाटलं. का वाटू नये?

शेवटी फादर म्हणाले, "प्रभो, ह्याला चिरशांती दे." आणि ते थांबले. यापुढची ओळ लोकांनी म्हणायची असते. लोकांत ती एकटीच उरली होती. ओठ घट्ट मिटून तिनं त्यांच्या नजरेला नजर भिडवली. अखेर फादरांनीच खालच्या आवाजात ती ओळ म्हणून टाकली, "अखंड प्रकाश त्याच्यावर पडो."

तेरेसाला ती ओळ तोंडपाठ होती. सोळा वर्षं ती रोज म्हणत आली होती, घरी एकटीच, एकाच अँथनीसाठी.