राहिलेलं पाणी

मित्रांनो, मला पांढरी व्हॅन म्हणायचं ते आता केवळ सवयीने. रंग केव्हाच उडाला. तुर्कस्तानात, अनातोलियातल्या एका अंगणात मी विटांवर उभी आहे आणि माझ्या पोटात शेजाऱ्यांच्या कोंबड्या राहतात. फार दमले आहे. नुसतं उभं राहूनही दमायला होतं, हे तुम्हाला म्हातारं झाल्याशिवाय कळायचं नाही.

माझा जन्म जर्मनीतला. आधी एका बेकरीवाल्याकडे पाव वाहिले, मग साबरीने मला विकत घेतलं. साबरी कोलोन शहरात तारांच्या कारखान्यात होता आणि त्याची बायको नाझमिये इस्पितळात फरशा पुसायची. एक पाळीवरून आला की दुसरी निघाली. दोघं सलग बोलायचे ते फक्त उन्हाळ्यात, माझ्यात बसून गावी जाताना. त्यामुळे त्यांची सगळी भांडणंही माझ्यातच झाली.

आल्प्स चढायचा, इटली उतरायची, आंकोना बंदरात बोटीत शिरायचं, तुर्की किनाऱ्यावर चेश्मेला बाहेर पडायचं आणि मग गावापर्यंत धूळ खायची. जाताना मेहुण्याचं ड्रिल, भाच्यांची चॉकलेटं, कुणाचं शिलाई मशीन, छतावर फ्रिज. येताना मिरच्यांची पोती, चीजचे डबे, गोधड्या, गालिचे. माझ्या कण्याचा विचार कुणी केला नाही, जाऊ द्या.

आमच्याकडे कुणी लांब निघालं की त्याच्या मागे पाणी ओततात, वाट अडू नये म्हणून. साबरीची आई, गुलिझार, दरवर्षी भरलेला तांब्या माझ्या मागच्या चाकांवर ओतायची. खरं सांगते, एवढ्या मायेने मला दुसऱ्या कुणी पाणी दिलं नाही.

एका वर्षी मात्र बोट गाठायची घाई झाली. मागची काच पोत्यांनी बंद, बाजूच्या आरशावर गालिच्याचं टोक लोंबत होतं. आई तांब्या भरायला आत गेली होती. साबरीला वाटलं, ओतून झालं. त्याने मला पळवलं! आई धावत बाहेर आली आणि भरला तांब्या घेऊन धुळीत उभी राहिली. मला दिसत होतं हो, पण करू काय? हॉर्न त्याच्या हातात.

त्या दिवसापासून आईने लेकाशी बोलणं सोडलं. पुढच्या खेपेला गावी जाताना साबरी आणि नाझमिये पुन्हा पुन्हा तेच उगाळत होते, म्हणून मला सारं ठाऊक. फोन आला की आई फक्त सुनेशी बोले.

"त्याला सांग, थंडीत कान बांध म्हणावं."

"आई, हे इथेच बसलेत. देऊ का फोन?"

"नको. ज्याला मागे बघायला सवड नाही, त्याच्याशी काय बोलायचं?"

त्यात हिवाळ्यात नाझमियेचा हात मोडला, साबरीचं जादा काम बंद झालं आणि माझा गिअरबॉक्स गेला. दर वेळी नाझमिये नुसतं नवऱ्याकडे बघायची.

"पाण्याचा काय संबंध यात?" तो चिडायचा.

"मी काही बोलले का?"

पुढच्या उन्हाळ्याचा तो प्रवास मला अजून सोसवत नाही. चढावर मी दोनदा उकळले. बंदरावर उन्हात रांग संपता संपेना. साबरी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "आई दारात तरी येईल का गं?"

"येतील. हात चुंबायला देतात का, ते बघा."

बोटीत आम्हा गाड्यांना तळात साखळ्या लावून ठेवतात, म्हणून वर काय झालं ते मला माहीत नाही. उतरायच्या वेळी दोघं खाली आली तेव्हा साबरीचे डोळे लाल होते. "वारा लागला वरती," तो म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं.

गावात शिरलो. माझ्यातून वाफा निघत होत्या. आई दारातच होती, हातात भरलेला तांब्या! साबरी उतरला आणि आमच्याकडे मोठ्यांना करतात तसा तिचा हात ओठांना, कपाळाला लावायला वाकला. तिने हात मागे घेतला.

"कुठून आलास?"

"असं काय करतेस, आई? जर्मनीहून."

"गेलास कधी? मागच्या खेपेला तू नीट गेलाच नाहीस. मग येशील कसा? बस गाडीत. आधी जा."

"आई, रात्रभर गाडी चालवलीय गं..."

"जा म्हटलं ना!"

साबरी बायकोकडे वळला. "अगं, तू तरी सांग ना!"

"मी काही बोलले का?" नाझमिये म्हणाली आणि डोक्याच्या रुमालाआड नव्हे, चक्क तोंडावर हसली.

मी सुरूच होईना. मी मुद्दाम केलं नाही, माझ्यात जीवच उरला नव्हता. शेवटी नाझमिये आणि शेजारी ढकलायला लागले. आईने तांब्या उचलला. अर्धं पाणी सुनेच्या घागऱ्यावर गेलं, अर्धं माझ्या तापलेल्या चाकांवर.

"सुखरूप जा रे," आई म्हणाली. वर्षभर राहिलेलं ते आज म्हणून झालं.

ढकलत ढकलत आम्ही मशिदीला वळसा घालून परत आलो. आता आईने दोन्ही हात पुढे केले.

"आलास?"

"आलो, आई."

"किती वाळलास रे माझ्या बाळा!"

मित्रांनो, आता आई नाही. साबरी आणि नाझमिये विमानाने येतात, जाताना भाड्याची गाडी बोलावतात. त्यांच्यामागे पाणी ओतायला घरात कुणी उरलं नाही. म्हणून निघण्याआधी साबरी तोच तांब्या भरून आणतो आणि माझ्या मागच्या चाकांवर ओततो. कोंबड्या कलकलाट करतात. मी तर कुठेच जात नाही, तरी तो ओततो.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. निघताना मागे बघा. आणि सामानाने काच झाकली असेल, तर खाली उतरून बघा.