मंजुळा म्हैस खाली उतरली

या हो, असे जवळ सरकून बसा. आज तुम्हांला एका म्हशीचं आख्यान ऐकवायचं आहे. हसू नका आत्ताच. देव त्यातही भेटेल.

नवं मध्य प्रदेश राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. इंदूरच्या इंदुमतीबाईंनी घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्याचं, प्रतापरावांचं, चित्रसंग्रहालय मांडलं. प्रतापरावांचे आजोबा होळकरांच्या घोडदळातले, पण ह्यांच्या हाती आला कुंचला. जन्मभर मुलांच्या मासिकात त्यांनी मंजुळा म्हैस काढली. कधी सायकलवर, कधी सराफ्याच्या खाऊगल्लीत जिलबीवर तुटून पडलेली. ते गेले आणि बाईंना एकच घोर लागला, आता मंजुळेला पाहून पोरं पूर्वीसारखी हसतील ना?

लोक येत. चपला बाहेर काढून हात जोडत. तसबिरी देवांच्या रांगेत, उंच, हार घातलेल्या. हसत मात्र कुणीच नसे.

एका रविवारी जवळच्या हातोद गावाहून गंगूबाई आल्या, कीर्तनाच्या भारी वेड्या. सोबत नात मंजिरी.

"आजी, मला दिखतच नाही!"

"गप. नमस्कार कर आधी."

"जरा खाली लावा की," गंगूबाई म्हणाल्या.

"त्यांच्या हातचं काम आणि लोकांच्या पायाशी लावू?" इंदुमतीबाईंचा आवाज चढला.

तरी एक तसबीर धुळीने माखलेली दिसली, म्हणून त्यांनी ती उतरवली, भिंतीला टेकवली आणि फडकं आणायला आत गेल्या. परत येऊन पाहतात तर मंजिरी फरशीवर पालथी, नाक काचेला, पाय हवेत! बाई ओरडणार, तोच पोरगी खदखदली.

"आजी, देख ना! भैंस पोलिसालाच घंटी मारतेय! बाजू हो म्हणतेय!"

गंगूबाई वाकल्या आणि पदर तोंडाला लावून त्याही हसत सुटल्या.

इंदुमतीबाईंना आठवलं. प्रतापराव तरी कुठे उभ्याने चित्रं काढायचे? याच फरशीवर, असेच पालथे पडून.

"गंगूबाई, स्टूल धरा. सगळ्या उतरवू."

"अहो, आणि पायाशी?"

"बाळकृष्ण रांगतो तो जमिनीवरच ना?"

"घ्या! कीर्तनं ऐकायची मी, निरूपण करणार तुम्ही!"

हार निघाले. संध्याकाळी गल्लीतली पोरं खोलीभर पालथी पडली होती, एकमेकांना ढकलत, हसून लोळत. इंदुमतीबाई दारात बसून ऐकत राहिल्या.

तर मंडळी, एवढं करा. तुमच्या घरी पोर असं पोट धरून हसेल, तेव्हा प्रतापरावांची आठवण काढा.