कुशाबांचं रिकामं पार्किंग

नायगावची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती, म्हणून संघमित्रा भाड्याचं घर शोधत होती. तिची अट एकच : गाडी चार्ज करायची सोय हवी. बहुतेक ठिकाणी ती नव्हतीच. आणि जिथे होती तिथे तिचं आडनाव ऐकलं की फ्लॅट नेमका 'कालच गेलेला' असायचा.

भोईवाड्यातल्या टॉवरमध्येही ती त्याच तयारीने गेली. घरमालक कुशाबा सावंत लेंगा-शर्टावर पार्किंगमध्येच उभे होते.

"गाडी आणलीस?"

"हो. पण काका, आधी फ्लॅट बघते ना."

"फ्लॅट खंय पळान जातलो? गाडी लाव आधी."

जुन्या चाळीच्या बदल्यात कुशाबांना फ्लॅट मिळाला, सोबत चार्जिंग पॉइंटवालं पार्किंग. ते स्वतः शेजारच्या विंगेत मुलीकडे, अनुजाकडे, राहायचे आणि गाडी तर त्यांच्या घराण्यात कुणी घेतलीच नव्हती. भिंतीवरचा तो डबा नक्की करतो काय, हे कोडं त्यांना रोज पडायचं.

संघमित्राने वायर जोडली. डब्यावरचा दिवा निळा झाला. कुशाबांनी हळूच बॉनेटवर हात ठेवला.

"तापत कशी नाही गो? आणि पावसात हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं तर? करंट मारेल?"

"मागच्या वर्षी त्याच पाण्यातून आणली. घाबरले ती मी, गाडी नाही."

कुशाबा खुदकन हसले. आता विचारतील, मग विचारतील म्हणून वाट बघून संघमित्राच कंटाळली.

"काका, माझं आडनाव कांबळे. आत्ताच सांगते, नंतर भानगड नको."

कुशाबा तिच्याकडे वळले.

"घरात सुकट-बांगडा होतो?"

"होतो की. आई तर जवळ्याशिवाय जेवत नाही."

"मग बरं. आधीचे भाडेकरू आमच्या अनुजाच्या खिडकीतून येणाऱ्या माशांच्या वासाला वैतागून गेले." ते परत वायरकडे वळले. "गाडी राहू दे चार्जिंगला. आईला घेऊन ये, घर त्यांनी बघितलं पाहिजे."

संघमित्रा चालतच नायगावला गेली आणि आईला, रमाबाईंना, घेऊन आली. पार्किंगमध्ये गाडीभोवती बिल्डिंगमधले पाच-सहा जण जमले होते. कुशाबा त्यांना चार्जिंग समजावत होते. त्यातलं निम्मं चुकीचं होतं, पण संघमित्रा मध्ये बोलली नाही.

"पण गाडी कुणाची?" एकाने विचारलं.

"आमच्या कांबळ्यांची," कुशाबा म्हणाले आणि रमाबाईंकडे वळले. "या वयनी. तुम्ही वर घर बघून घ्या. गाडीकडे मी आहे."