मारून आल्याशिवाय

शाळेच्या गणवेशाला बाही जोडताना शिंपिणीला दाराबाहेर हुंदका ऐकू आला. तिची लेक ठकी पायरीवर उभी होती. ओठ फुटलेला, वेणी सुटलेली. शिंपीण मशीनवरून उठेपर्यंत सासऱ्यांनी आतून कडी लावलीसुद्धा.

"कोणी मारलं?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"सायकलवाल्याच्या पोरीनं."

"मग जा, दोन ठेवून दे तिला. मार खाऊन येणाऱ्याला या घरात जागा नाही."

हा त्या घराण्याचा रिवाज, आणि त्याचा कोण अभिमान! ठकीच्या बापालाही लहानपणी असंच परत धाडलं होतं. त्यानं दगड भिरकावला, तो समोरच्या पोराच्या डोळ्यात बसला. ते पोर म्हणजेच आजचा सायकलवाला. एका डोळ्यानं पंक्चर काढतो बिचारा. आणि सासरे चारचौघांत त्याला 'काण्या' म्हणून हसत. धन्य तो पराक्रम!

ठकी वळली. तिच्या मुठीत दगड होता. तो शिंपिणीनं खिडकीतून पाहिला. तिनं कडी काढली.

"मामंजी, ती जाईल. पण मारायला नाही, आणि एकटी नाही."

"बाहेर पाऊल टाकलंस तर तुलाही हाच नियम!"

"असू द्या."

वाटेत तिनं दगड टाकायला लावला. सायकलवाल्याच्या दुकानात दोघी पोरी फुरंगटून उभ्या राहिल्या. शिंपिणीनं कोणालाच दटावलं नाही. दोरा गुंतला तर ती कधी ओढत नसे. ओढलं की गाठ बसते. तिनं दोघींना एकच विचारलं, "तुला हवं काय होतं गं?"

"उड्या मारायच्या होत्या. माझी पाळी आली तरी ही दोरी देत नव्हती," ठकी म्हणाली.

"देणारच होते," दुसरी रडत बोलली. "पण ही माझ्या बाबांना काण्या म्हणाली. तसं कोणी म्हणू नये, एवढंच हवं होतं मला."

शिंपीण शरमेनं खाली बघू लागली. सायकलवाल्याचा हात चाकावर थांबला.

"चुकले, काका," ठकी पुटपुटली.

"मीपण मारायला नको होतं," म्हणत दुसरीनं दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

घरी आल्या तर दार बंद.

"मारलंस का?" आतून आवाज आला.

"नाही आजोबा. माफी मागितली."

"मग बसा बाहेरच!"

एवढ्यात ठकीचा बाप कामावरून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वडिलांपुढे आजवर त्यानं ब्र काढला नव्हता. जेवणाचा डबा बाजूला ठेवून तो बायकोशेजारी पायरीवर बसला.

"तू आत ये रे," म्हाताऱ्यानं कडी काढली.

"नको, बाबा. त्या पोराचा डोळा घालवून आलो, तेव्हा तुम्ही मला शाबासकी देऊन आत घेतलंत. तसलं आत येणं आता नको. येऊ तर तिघं येऊ, आणि हा नियम मोडूनच येऊ."

कडी पुन्हा बसली. शेजारीपाजारी माना काढून बघू लागले. बघेनात का!

ठकी उठली आणि दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला हवं काय होतं?"

 त्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी कोणाला हे विचारलंच नव्हतं. वाचकहो, तुमचं पोर रडत दारात येतं, तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारता?