आठ शिंगांचा डबा

“हो. बिलकुल. बराबर हाय,” मच्छिंद्र रिसीव्हरमध्ये म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत थांबला.

पलीकडून मस्कतहून त्याचा मुलगा सोमेश्वर बोलत असणार. असणारच, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर मिनिटं पुढे सरकत होती. मच्छिंद्रला मात्र काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. थोडा वेळ गेला की तो अंदाजाने “हो” म्हणायचा, आणखी थोडा गेला की “बिलकुल.” मध्येच हसायचासुद्धा. मिनिटं सरकायची थांबली की फोन संपला असं समजून रिसीव्हर खाली ठेवायचा आणि शर्टाच्या बाहीने घाम पुसायचा.

महिनाभर हे असंच चाललं होतं. मच्छिंद्रने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. कारण त्याची पक्की खात्री होती की आपले कान गेले.

तशी खात्री व्हायला कारण होतं. मूळचा धावडा गावचा हा माणूस जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये क्रेन चालवत म्हातारपणाला टेकला होता. तिथल्या गोंगाटात तोंडाने कुणी बोलत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मिलच्या वार्षिक तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, “डावा कान गेल्यातच जमा आहे. उजवाही त्याच वाटेवर. आधी बारीक आवाज जातील.” आणि त्याच आठवड्यात फोन मुका झाला. घंटी ऐकू यायची, रस्त्यावरचे भोंगे ऐकू यायचे, समोरच्या माणसाचं बोलणं ओठ बघून कळायचं. गेला तो फक्त पोराचा आवाज. हाच तो बारीक आवाज, मच्छिंद्रने मनाशी हिशेब जुळवला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा रे, मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. पण तसं म्हटलं असतं तर ती बातमी त्याच दिवशी मंठ्याला पोचली असती. आणि मंठ्याला रामप्रसाद होता.

रामप्रसाद म्हणजे सून वंदनाचा बाप, सोमेश्वरचा सासरा, मच्छिंद्रचा व्याही. बी-बियाण्यांचं दुकान, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं गोड आणि कान ठणठणीत. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं आणि मच्छिंद्रचं खरं दुखणं तेच होतं. मोबाइलवरचे फुकटचे कॉल मस्कतला चालत नाहीत म्हणून सोमेश्वरने इंटरनेटच्या डब्याला जोडायचे दोन फोन पाठवले होते, अगदी एकसारखे. एक बापाला, एक सासऱ्याला. बापाच्या मनात तेव्हापासून सल होता. दोन कशाला पाठवायचे? एक पाठवला असता तर काय बिघडलं असतं? त्यात रामप्रसाद अधूनमधून मोबाइलवर सहज म्हणून सांगायचा, “इवाई, काल लई वेळ बोललो जावयासंगं. पोरीचं रडणं बी ऐकलं. आवाज कसा, खणखणीत!” मच्छिंद्र मोबाइल नेहमी स्पीकरवर टाकून कानाशी धरायचा, त्यामुळे ते खणखणीत त्याच्या घरभर व्हायचं.

पोरगी म्हणजे नात. मस्कतलाच झाली. तिचे पेढे द्यायला तो मंठ्याला गेला होता, तेव्हा त्याने रामप्रसादच्या घरी शोकेसमध्ये गणपतीशेजारी इंटरनेटचा डबा पाहिला. काळाकुळकुळीत, अँटेनाची सहा शिंगं वर काढलेला. मच्छिंद्रच्या घरी केबलवाल्याने लावलेला डबा होता, त्याला दोनच शिंगं, तीही वाकडी. परतीच्या एसटीत त्याला दुसरं काही सुचलं नाही. दुसऱ्याच दिवशी जालन्याच्या बाजारातून त्याने आठ शिंगांचा आणला, केबलवाल्याच्या डब्यापासून एक तार ओढून त्यात खोचली, फोन त्याला जोडला आणि त्याच दिवशी सोमेश्वरला ऐटीत सांगितलं, “आठ शिंगांचा बसिवला. तुह्या सासऱ्याचा सहाचाच हाय.” पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. पोराला राग आला असावा असं त्याला वाटलं. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

हळूहळू फोनही आखूड होत गेले. बाप नुसता हो-हो करतो म्हटल्यावर पोरगा तरी किती बोलणार? पण मच्छिंद्रला तसं वाटत नव्हतं. त्याला वाटायचं, आपली मिनिटं कापून मंठ्याला दिली जातायत.

एका गोष्टीसाठी मात्र तो थांबून होता. नातीचं बारसं व्हायचं होतं आणि तिचं नाव द्वारका ठेवायचं, हे त्याने ती जन्मली त्या घटकेला ठरवलं होतं. द्वारका त्याची बायको. सोमेश्वर कॉलेजात असतानाच गेली. हे नाव आपण होऊन सुचवायचं नाही, पोराने विचारलं की सांगायचं, असा त्याचा बेत होता. मागून घेतल्यात काय मजा? रामप्रसादच्या जावयाने स्वतःहून बापाला विचारलं पाहिजे. तो विचारील तेव्हा आपल्याला ऐकू येईल का, ही काळजी त्याला रात्रंदिवस खायची.

शुक्रवारी मिलला सुट्टी असते आणि तिकडे सोमेश्वरलाही. त्या शुक्रवारी मच्छिंद्र आंघोळीला बसला असताना फोन वाजला. वाजून वाजून थांबला, तो कुणीतरी उचलल्यामुळे. दालच्याची वाटी घेऊन आलेल्या शेजारच्या अकबरबींनी तो उचलला होता.

“हलो! सोमेश्वर बेटा? हलो! अरे, आवाज न्हाई येऊन राह्यला. थोड्या वेळानं लाव, बेटा,” असं ओरडून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. मच्छिंद्र टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

“काय म्हणले? आवाज न्हाई?”

“न्हाई ना भाऊ. बिलकुल न्हाई.”

“तुमालाबी न्हाई?”

“मला बी म्हंजे? माझ्या कानाला काय झालं? गल्लीत कुकरची शिट्टी झाली तर मी सांगते कुणाच्या घरची.”

मच्छिंद्र तसाच ओलेत्याने पलंगावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अकबरबी दाराशी सरकल्या. “शाहबाजला पाठवते,” त्या म्हणाल्या. “नमाज झाली की येईल. तारांचं सगळं त्याला ठाऊक हाय.”

शाहबाज हा त्यांचा मुलगा, तोच केबलवाला, गल्लीतल्या घरोघरी इंटरनेट जोडून देणारा, दोन पोरांचा बाप. नमाजहून तो थेट आला, अत्तराचा वास घेऊन. आधी त्याने फोनचा स्पीकर दाबून पाहिला, मग तार बदलून पाहिली. नंतर मोबाइलवरून आपणच लावलेल्या जुन्या डब्यातली कसली तरी सेटिंग बंद केली.

“ही फोनला मदत करायला म्हणून असती काका, पण करती उलटंच,” तो म्हणाला. मग त्याने एक नंबर लावला. तिथे आपण बोललं की आपलाच आवाज परत येतो, तपासायला बरं पडतं. शाहबाज दोनदा “हॅलो” म्हणाला. काही परत आलं नाही. तेव्हा त्याची नजर तारेमागून जात जात कपाटावर गेली.

“हे काय? दोन डबे? हा कधी आणला?”

“झाला महिना.”

“आन् आवाज कव्हापासून गेला?”

“तव्हापासूनच,” मच्छिंद्र म्हणाला.

“कशाला आणला काका? दोन खोल्यांचं तर घर.”

“रेंजसाठी,” मच्छिंद्र म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला.

शाहबाजने फोनची तार आठ शिंगांच्या डब्यातून उपटली, जुन्या डब्यात खोचली, तोच नंबर पुन्हा लावला आणि रिसीव्हर मच्छिंद्रच्या हातात दिला. “बोला.”

“कोण बोलतंय?” मच्छिंद्रने विचारलं. क्षणभराने रिसीव्हरमधून एका म्हाताऱ्याने घाबरत विचारलं, कोण बोलतंय? मच्छिंद्रने आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता.

“आलं ना? तो नवा डबा मधी बसला होता,” शाहबाज सांगू लागला. “फोनची घंटी एका वाटेनं येती, बोलणं दुसऱ्या वाटेनं. तिकडून बोलणं आलं की माझा डबा इचारणार, कुणाचं हाय? त्याला तुमचा नवा डबा तेवढा दिसतो, त्याच्या मागं फोन हाय हे त्याला ठाऊकच न्हाई. मंग आवाज दारातच राह्यतो.”

“आन् माझं बोलणं? तेबी दारातच?”

“न्हाई, ते तिकडं बराबर गेलं असंल. जाणाऱ्याला कोण अडवतं? येणाऱ्यालाच अडवतेत.”

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. म्हणजे महिनाभराचे सगळे होकार पोचले होते. हो, बिलकुल, बराबर हाय. कशाकशाला म्हणालो आपण हे?

तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा? येतंय का ऐकू? मघाशी चाची म्हणत होत्या आवाज न्हाई.”

सोमेश्वरचा आवाज कानात शिरला आणि मच्छिंद्रला वाटलं पोरगा खोलीतच आहे. त्याच्यामागे भांड्यांचा आवाज होता, कुणी तरी हसत होतं. “येतंय,” तो कसाबसा म्हणाला. “तार ढिली झाल्ती.”

“आज संध्याकाळी बारसं हाय, बाबा. तुम्ही म्हणले तसं शर्वरीच ठेवून राह्यलो. वंदनाच्या बाबांनी सुचवलेलं. खरं सांगू? मी तीनदा विचारलं तुम्हाला. मला वाटायचं, तुम्हाला आईचं नाव पाहिजे असंल. तसं बोललोबी मी. पण तुम्ही दर बारी म्हणले, बिलकुल, बराबर हाय.”

मच्छिंद्रने रिसीव्हर घट्ट धरला. पोराने विचारलं होतं. स्वतःहून, तीनदा. आणि आपण कॅलेंडरकडे बघत नावाचा मान रामप्रसादला देऊन टाकला होता. बारसं संध्याकाळी होतं. अजून वेळ होता. मला ऐकूच आलं नाही, एवढं एक वाक्य बोललं तर पोराने नाव बदललं असतं. त्याच्या तोंडाशी आलंही होतं ते वाक्य.

पण फोनवर वंदना आली. “बाबा, तुम्हाला सांगायचं राह्यलं. आमचे बाबा तर नाव सुचवायलाच भेत होते. म्हणायचे, पोरगी त्यांच्या घरची, आडनाव त्यांचं, आपला काय हक्क? तुमचा त्यांना पहिल्यापासून हेवा वाटायचा, की तुम्हीच खरे आजोबा. तुम्ही हो म्हणले कळल्यावर रडले ते फोनवर. दुकानात येईल त्याला सांगतेत, इवाई असावा तर असा.”

मच्छिंद्रला हे अगदीच नवीन होतं. आपण ज्याच्यावर जळत होतो तो आपल्यावर जळत होता, तेही त्याच फोनवर, तसाच रिसीव्हर कानाला लावून.

“ऐकून राह्यले ना बाबा?”

“ऐकून राह्यलो,” तो म्हणाला. “तिच्या कानाशी धर फोन.”

काही तरी सरसरलं. मग लहान, घाईघाईचा श्वास ऐकू आला. डॉक्टरांनी आधी जातील म्हणून सांगितलेल्या आवाजांपेक्षाही तो बारीक होता, आणि तो येत होता.

“शर्वरी,” मच्छिंद्र म्हणाला. नाव जिभेवर नीट बसेना म्हणून पुन्हा म्हणाला, “शर्वरी.”

फोन संपला तरी तो तसाच उभा राहिला. शाहबाजने विचारलं, “आवाज बराबर आला का, काका?”

“बराबर आला. बिलकुल.”

शाहबाज तारा गुंडाळत असताना मोबाइल वाजला. रामप्रसाद होता. सवयीप्रमाणे मच्छिंद्रने तो स्पीकरवर टाकला.

“इवाई! आज बारसं, पेढे घेऊन येऊ म्हणलं तुमच्याकडं. आन् एक काम होतं. जावई म्हणत होते, तुम्ही आठ शिंगांचा डबा बसिवला. आमच्याकडं वरच्या मजल्यावर रेंज न्हाई, मीबी तसलाच आणून मधी लावावा म्हणतो. घेऊ का?”

शाहबाज तार हातात धरून मच्छिंद्रकडे बघू लागला.

आता एकदा, फक्त एकदा, हो बिलकुल म्हणायचा अवकाश होता. महिनाभर त्याने ते पोरालाच म्हटलं होतं, आणि आज समोरचा माणूस आपणहून मागत होता. मंठ्याच्या शोकेसमध्ये आठ शिंगं उभी राहिली असती, सगळे दिवे लागले असते आणि रामप्रसाद रिसीव्हर कानाला लावून शर्वरीच्या रडण्याची वाट बघत बसला असता. मच्छिंद्रला ते चित्र स्पष्ट दिसलं आणि आवडलंसुद्धा. त्याने ते पुरतं बघून घेतलं.

“नका घेऊ,” तो म्हणाला.

“का हो?”

“आवाज जातो. घंटी वाजती, पण तिकडलं काईच ऐकू येत न्हाई. माझं महिनाभर तसंच झाल्तं.”

पलीकडे एकदम शांतता झाली. मच्छिंद्रला वाटलं, आता याचाही आवाज गेला. मग रामप्रसाद हळू, सावकाश म्हणाला, “महिनाभर? मंग इवाई… जावयानं ते नावाचं विचारलं, तव्हा…”

“नावाचं बराबर हाय,” मच्छिंद्र म्हणाला. “तुम्ही या. जेवायलाच या.”

मोबाइल ठेवून तो कपाटाशी गेला. नव्या डब्याचा खोका त्याने जपून ठेवला होता. डबा आत बसेना, तेव्हा तो एकेक शिंग खाली दुमडू लागला.