अँटेना काँट्रॅक्टमध्ये येत नाही

चारचौघांत मी नवऱ्याला अहो-जाहो करते, पण ही गोष्ट सांगताना अरेतुरेच करणार. ज्याला खटकेल त्याने कान झाकावेत.

माझा नवरा व्हॅलेरियन सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर. संध्याकाळी सायकलवरून घरी यायचा. त्याचा धाकटा भाऊ प्लासिड मस्कतला. दोघांची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त विहीर आणि केळीची एक रांग. आमचं घर कौलारू, त्यांचं नवं, स्लॅबचं. प्लासिड दोन वर्षांतून एकदा यायचा, म्हणून त्याच्या घराचं काय पडलं-झडलं ते थोरल्या भावाने बघायचं असं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. मला तरी कोणी विचारलं नव्हतं.

प्लासिडची बायको रोझमेरी. दिसायला चांगली आहे, हे मी नाकारत नाही. मस्कतहून आलेला फुलाफुलांचा गाऊन घालून ती विहिरीवर आली की सेंटचा वास आमच्या चुलीपर्यंत यायचा. माझे बोंबील भाजून व्हायचे आणि घरात वास मात्र तिचा. हसायचीही मोठ्याने. नवरा समुद्रापार असलेल्या बाईला एवढं हसायला काय होतं, हे मला कळत नसे.

पण तिच्या गाऊनचं, सोन्याचं, स्लॅबचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. माझी मागणी एकच होती. दिवसभर कारखान्यात राबून आलेला माझा नवरा संध्याकाळी माझ्या अंगणात असावा. ती एक घटका माझी. तीच नेमकी तिकडे जायला लागली, आणि त्याला कारण झाला तो टीव्ही.

सुट्टीवर आला तेव्हा प्लासिडने माणिकपूरच्या एका दुकानातून रंगीत टीव्ही घेतला. मस्कतहून आणला तर बिघडल्यावर बघणार कोण, म्हणून मुद्दाम इथला, एका वर्षाच्या वॉरंटीचा. आमच्या आळीतला पहिला रंगीत टीव्ही. आता आमच्यात नवं घर असो, होडी असो की रिक्षा, आधी फादरांचा आशीर्वाद होतो आणि मग वापर. टीव्हीचाही व्हायला हवा असं रोझमेरीला वाटलं. फादर आले. चालू टीव्ही त्यांना दिसावा म्हणून हिने तो बंदही केला नाही. फादरांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी पुढून शिंपडलं, बाजूने शिंपडलं, आणि हात सढळ असल्यामुळे मागच्या भोकांवरही शिंपडलं. फट् असा आवाज झाला आणि पडद्यावरची बातम्या देणारी बाई गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मेकॅनिक बळीराम आला. त्याने मागचं झाकण उघडलं आणि बॅटरी मारली.

“आत पाणी गेलंय.”

“साधं पानी नाय ते,” रोझमेरी म्हणाली, “पवित्र पानी हाय.”

“कुठलंही असू दे, मॅडम. वॉरंटीत बसत नाही. सेट आपोआप बिघडला तर कंपनी बघणार. पाणी गेलं, पडला, उंदरांनी वायर खाल्ली, तर ते तुमचं.”

प्लासिडचं विमान त्याच आठवड्यात होतं. तो हतबल होऊन भावाकडे बघायला लागला. आणि आमचा व्हॅलेरियन, ज्याला घरातली गळकी मोरी दिसत नव्हती, तो म्हणाला, “ठेव, मी बघतो.” त्याने तो टीव्ही अंगणात बाजल्यावर घेतला आणि झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवला, पापड घालतात तसा. कावळे येऊ नयेत म्हणून स्वतः शेजारी बसून राहिला. टीव्ही चालू झाला. सगळ्या आळीने त्याचं कौतुक केलं. रोझमेरीने त्याला केक दिला. मी त्यातला तुकडाही तोंडात घातला नाही.

तेव्हापासून रीतच पडली. बळीराम यायचा, बघायचा आणि सांगायचा की हे वॉरंटीत नाही. स्टॅबिलायझर जळला, वॉरंटीत नाही. तिच्या लहान पोराने बटण उपटलं, वॉरंटीत नाही. भिंतीतला प्लग ढिला झाला, तोही नाही. जे वॉरंटीत नाही ते सगळं व्हॅलेरियनकडे. आणि खाऱ्या वाऱ्याने हलणारी अँटेना तर रोजची. कारखान्यातून आला, डबा ठेवला, की शिडी खांद्यावर मारून निघालाच.

“मोरी गळते,” मी म्हणायची.

“बघतो.”

“कौल सरकलंय. पोराची चप्पल तुटली. तुमच्या आयच्या पायाला तेल संपलं. आनि तुमी निघाले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!”

“आलोच,” म्हणायचा. माझं पुढचं वाक्य येईपर्यंत केळीपलीकडे पोचलेला असायचा.

मी चुलीपाशी बसून त्या घराकडे कान लावायची. आमच्या खिडकीतून त्यांची भिंत दिसे, भिंतीला लावलेली शिडी दिसे. वर स्लॅबला कठडा होता, त्यामुळे वरचं काही दिसत नसे. टीव्हीचं गाणं ऐकू येई. मध्येच रोझमेरी हसे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. अँटेना फिरवायला किती वेळ लागतो? कंदील लावायची वेळ झाली तरी शिडी तिथेच. मी पोरांना उगाच मारायची आणि भाकरी करपवायची. मनात काय काय आणलं ते सांगत नाही. एवढं सांगते, पाप कबूल करायला देवळात गेले तेव्हा फादरांनी मला रोझमेरीचं नाव दुसऱ्यांदा घेऊ दिलं नाही. आपली पापं सांगा, म्हणाले.

व्हॅलेरियन घरी आला की मी त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. सेंटचा नाही, विडीचा यायचा. पण विडीच्या वासाखाली दुसरा वास लपवता येतो, असं मी स्वतःला समजावलं.

वर्ष संपलं. वॉरंटी संपली. बळीराम नव्या कागदासकट आला. आता वर्षाचं सर्व्हिस काँट्रॅक्ट घ्या, म्हणाला. मी विहिरीवरून ते ऐकलं आणि ओल्या पायांनीच रोझमेरीच्या ओसरीवर जाऊन बसले. एवढ्या आनंदाने मी त्या घरात कधी गेले नव्हते.

“काय काय बघनार तुमी यात?” मी विचारलं.

“सेटच्या आतलं सगळं. मी दर तीन महिन्यांनी स्वतः येणार, साफसफाई करणार. मध्ये बिघडला तर चिठ्ठी टाका, दुसऱ्या दिवशी हजर.”

“बोलवलं की येनार?”

“येणार.”

“मग दुसऱ्या कोनी हात लावायचा नाय ना?”

“दुसऱ्याने उघडला तर काँट्रॅक्टच रद्द, बाई.”

मला बळीरामच्या गालांचा मुका घ्यावासा वाटला. मी रोझमेरीला म्हटलं, घे, घेऊन टाक, प्लासिड तिकडे मरमर मरतो ते कशासाठी? ती म्हणाली, “पन दादा बघतात की, वहिनी.” मी म्हटलं, “दादांना घर हाय.” हे जरा जोरात निघालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

त्या दिवशी मी कोलंबीचं कालवण केलं. नवरा आला, त्याने डबा ठेवला. मी त्याच्यासाठी अंगणात बाक पुसून ठेवला होता. तो शिडीकडे वळला.

“आता कुठे? तिने काँट्रॅक्ट घेतलंय. बळीराम येनार आता.”

“सेटला येनार,” व्हॅलेरियन शांतपणे म्हणाला. “अँटेना काँट्रॅक्टमध्ये येत नाय. मी आधीच विचारलं त्याला माणिकपूरला.”

म्हणजे हा वाट वाकडी करून माणिकपूरच्या दुकानात विचारायला गेला होता! ज्याला पोराच्या शाळेत जायला वेळ नाही, तो दुकानात जाऊन काय येतं आणि काय येत नाही याची चौकशी करून आला होता. मी जे बोलले ते विहिरीपलीकडेही ऐकू गेलं असणार. मोरीपासून सुरुवात केली आणि त्याच्या बापापर्यंत पोचले. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि मी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात शिडी घेऊन गेला. कालवण मी झाकून ठेवलं. जेवले नाही.

रात्रभर तळमळले आणि सकाळी माझं ठरलं. अँटेना कोणीतरी फिरवायलाच हवी असेल तर मी फिरवीन. मग याला तिकडे जायला काय कारण राहतं ते बघते.

दुपार कलली. पोरं धर्मशिकवणीला देवळात गेली होती, सासू नणंदेकडे. व्हॅलेरियन यायच्या आत मी लुगड्याचा काष्टा आवळला आणि शिडी खांद्यावर घेतली. शिडी बायकांच्या खांद्यासाठी केलेली नसते. केळीची दोन पानं मोडली. रोझमेरी दारात उभी राहून बघतच राहिली.

“काय झालं, वहिनी?”

“अँटेना फिरवते.”

“पन चित्र तर बरं हाय.”

“आज बरं हाय. काल नव्हतं ना?”

“काल पन होतं,” ती म्हणाली. “कधीचं बरं हाय. पावसाळ्याआधी दादांनी घट्ट बसवली तेव्हापासून काय झालं नाय.”

मी शिडी भिंतीला टेकवली. “मग ते रोज काय बघतात वर?”

“मला काय ठाऊक? वारा सुटलाय, बघून येतो, म्हनतात. मी टीव्ही लावून बसते. आधी चहा विचारायची, ते वरूनच नको म्हनायचे. मग विचारायची बंद झाली. मला वाटलं, तुमाला माहीत हाय.”

खोटं बोलणारी बाई अशी गोंधळत नाही. पण माझा राग इतक्या लांबून आला होता, त्याला लगेच परत कसं पाठवू? मी चढले. वर्षभर ज्या जागेवर मी जळत होते, ती जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी उतरणार नव्हते.

वर काही नव्हतं. अँटेनाचा खांब एका कोपऱ्यात होता. त्याच्या नटाला मी हात लावला तर गंज हाताला आला. खांबापासून कठड्यापर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं आणि ते अख्खं होतं. त्या खांबाला कित्येक महिन्यांत कोणी शिवलं नव्हतं.

दुसऱ्या कोपऱ्यात सिमेंटचं रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं होतं, बसायला. शेजारी करवंटी, विड्यांच्या थोटकांनी भरलेली. मी त्या पोत्यावर बसले. समोर वाड्या, नारळ, त्यांच्यामागे समुद्राचा एक तुकडा. टीव्ही खाली, रोझमेरी खाली, त्यांचा आवाजही इथे पुसट येत होता. आणि आमचं घर बरोबर पाठीमागे. पोतं असं टाकलं होतं की बसणाऱ्याला आमचं घर दिसू नये.

उन्हं उतरायला लागली. रोझमेरी असती तर सोपं होतं. तिच्या झिंज्या धरल्या असत्या, आळी गोळा केली असती, प्लासिडला तार केली असती. पण हा तिच्याकडे येतच नव्हता. हा माझ्यापासून जात होता. एक शिडी आणि सिमेंटचं पोतं, एवढ्यावर माझ्यापेक्षा खूश होता. मला त्या पोत्याचा असा मत्सर वाटला की रोझमेरीचा कधी वाटला नसेल.

सायकलची घंटा वाजली. मी उठून मागच्या कठड्याशी गेले. व्हॅलेरियनने सायकल भिंतीला लावली आणि मला हाक मारली, एकदाच, हळू. उत्तर आलं नाही तसा त्याने दारातून आत डोकावून बघितलं. चुलीकडे बघितलं, परसात बघितलं. शिडी जागेवर नाही हेसुद्धा त्याच्या लक्षात आलं नाही, कारण आज त्याला शिडी लागणार नव्हती. घरात कोणी नव्हतं.

तो बाकावर बसला. बूट काढले, पाय लांब केले. एवढा लांब माणूस आहे हे मी विसरले होते. माझ्यासमोर तो नेहमी आखडूनच बसायचा. मग उठला, परसातून चिंध्या आणि सुतळी आणली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या मोरीचा गळका पाइप बांधायला बसला. कोणी सांगितलं नाही, कोणी ओरडलं नाही. आणि बांधता बांधता गायला लागला. लग्नात मांडवाखाली बायका म्हणतात ते गाणं, बायकांच्या आवाजात, मान हलवत. आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी तो असं गायचा आणि मी हसून हसून बेजार व्हायची.

“वहिनी, झालं काय?” रोझमेरीने खालून विचारलं. “काय बिघडलंय?”

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. बारा महिने साठवलेलं. अंगणापर्यंत सहज पोचलं असतं.

मी तिला हाताने गप्प राहायला सांगितलं आणि कठड्यामागे खाली बसले. अंधार पडायला लागला होता, खाली चूल पेटायची होती, पोरं यायची होती. उतरायलाच हवं होतं. पण मी उतरले की त्याचं गाणं थांबणार होतं.